सोमवारचं कुसकुस

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. सांगता सांगता मध्ये थांबावं लागलं, तर पुन्हा सुरू करायची ताकद माझ्यात नाही. गेले काही महिने मी दमलोय. म्हणजे रिटायर होऊन दमलोय, आणि ते जास्त वाईट. नोकरीत दमलो की निदान रजा तरी टाकता यायची.

माझ्या हातून जे झालं त्याला सरळ भाषेत गाढवपणा म्हणतात. पण एक सांगतो, तो मी घाईत केलेला नाही. चांगला विचार करून, लोकांना विचारून, फोनवर खात्री करून घेऊन केला. त्यामुळे सुटायला कुठे जागाच राहिली नाही.

आमची मानसी बंगळुरूला असते. तिचं पहिलं बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. म्हणून सुलभा, म्हणजे माझी बायको, दोन महिने आधीच तिच्याकडे जाऊन राहिली. नवीन पनवेलच्या घरात मागे उरलो आम्ही दोघं. मी आणि माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आई म्हणतो, त्या मला माधवराव म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, डोकं माझ्यापेक्षा तल्लख, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ओट्याशी उभं राहणं बंद. म्हणजे स्वयंपाक माझ्याकडे आला. मला तोवर चहा आणि ऑम्लेट एवढंच येत होतं, आणि आई अंडं खात नाहीत.

तरी वरणभातापर्यंत मी आठवडाभरात पोचलो. गाडी अडली ती सोमवारी. मानसी सुखरूप मोकळी होईपर्यंत आईंनी सोमवार धरले होते. तेही साधेसुधे नाहीत. दुपारी एकदा फराळ, रात्री कपभर दूध, आणि उपवास सोडायचा तो थेट मंगळवारी सकाळी. पोरीचं नीट होऊ दे, एकही सोमवार मोडणार नाही, असा शब्द त्यांनी शंकराला दिला होता. शब्द त्यांनी दिला आणि फराळ करायचा मी. साबुदाणा पाण्यात किती बुडवायचा हेही ज्याला माहीत नाही त्या माणसाने.

साबुदाणा तसाही बाद होता. कवळीखाली अडकतो आणि वर पोटाला त्रास होतो. राहिली वरी. माझ्या वरीच्या भाताचं काय झालं ते सविस्तर सांगत नाही. पहिल्या सोमवारी तो खाली लागला. दुसऱ्या सोमवारी त्याचा एकसंध गोळा झाला आणि आईंनी तो सुरीने कापून खाल्ला. वर म्हणाल्या, चांगला झालाय. ते मला फार लागलं. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री दूध पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि मला खरोखर वाटलं, नात बाळंत होईपर्यंत ही बाई माझ्या हातून उपाशी जाणार.

आमच्या समोरच्या दारात रुकसाना भाभी राहतात. माहेर उरणचं. निसारभाई मस्कतला एका हॉटेलात कामाला आहेत, वर्षातून एकदा येतात. करपलेल्या वरीचा वास जिना ओलांडून त्यांच्याकडे गेला असणार. पुढच्या रविवारी त्या एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत बारीक, गोल, पिवळसर दाणे. निसारभाईंच्या खोलीवर मोरोक्कोचा एक आचारी राहतो, त्याच्याकडून शिकून त्यांनी हा प्रकार घरी आणला होता. नाव कुसकुस. गॅसवर शिजवायचीसुद्धा गरज नाही, भाभी म्हणाल्या, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचं.

मला त्या डब्यात साक्षात शंकर दिसला. पण मी हुरळून जाणारा माणूस नाही. मी विचारून घेतलं.

"भाभी, हे उपवासाला चालतं का?"

"चालतं ना, भाई. पूरा रमजान आमच्याकडे हेच असतं. पोटाला एकदम हलकं."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? महिनाभर दिवसा पाण्याचा थेंब न घेणारी माणसं. त्यांचे उपवास आपल्यापेक्षा किती कडक! आपण काय, उपवासाच्या नावाखाली बटाट्याचे चिप्स खातो. तेव्हा त्यांना जे चालतं ते आपल्याला चालायलाच हवं. हा माझा हिशेब. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढत बसलो, पण या हिशेबात मला एकही चूक दिसली नाही.

तरी सुलभाला फोन लावला. ती मानसीच्या सुजलेल्या पायांना तेल लावत होती. काय प्रकार आहे म्हणाली. म्हटलं, वरीचाच परदेशातला भाऊ समज. बघा, आईला विचारा, म्हणून तिने फोन ठेवला. आईंना विचारलं. त्यांनी चार दाणे बोटांत फिरवले, चष्मा वर करून पाहिले आणि वरीच दिसते, जरा जून झालेली, असा निकाल दिला. तिघींची मतं घेतली मी. आणखी काय करायचं माणसाने?

कुसकुसचा पहिला सोमवार मात्र वाया गेला. गॅसवर न ठेवता अन्न होतं यावर माझा विश्वासच बसेना. मी वरीसारखं तिप्पट पाणी घातलं आणि चांगलं रटरटू दिलं. झाली खळ. भिंतीला कागद चिकटवता आले असते. आई ती वाटीतून प्यायल्या. भाभी डबा न्यायला आल्या, त्यांनी पातेलं बघितलं. मग पदर खोचून आमच्या ओट्याशी उभ्या राहिल्या.

ज्या वाटीने दाणे, त्याच वाटीने पाणी. पाणी खळखळ उकळलेलं हवं. ओतायचं, झाकण ठेवायचं, गॅस बंदच, आणि मग हात लावायचा नाही. यातलं शेवटचं मला जमेना. मी दोनदा झाकण उचलायला गेलो तेव्हा भाभींनी झाकणावर हात ठेवला आणि निसारभाई फोनवर काय म्हणाले ते सांगत बसल्या. थोड्या वेळाने झाकण काढलं, चमचाभर तूप सोडलं आणि काट्याने अलगद मोकळं केलं. दाणा न् दाणा सुटा. माझ्या स्वयंपाकघरात कोणताही पदार्थ सुटा झाल्याची ती पहिलीच वेळ.

पण नुसतं ते अगदी सपक लागतं. कसलीच चव नाही. त्याला चव आपण द्यायची असते, आणि खरी परीक्षा तिथे होती. भाभी त्यात तळलेला कांदा, दालचिनी, बेदाणे, बदाम आणि लिंबाची साल घालतात. कांदा तर बादच. बाकीच्यांसाठी मी सुलभाला फोन करत सुटलो. जिरं चालतं. मोहरी नाही. हळद नाही, हिंग नाही. कोथिंबीर तिच्या माहेरी चालते, आमच्याकडे चालत नाही. मग खाणारी बाई तिच्या माहेरची आहे या मुद्द्यावर कोथिंबीर पास झाली. दालचिनीवर तिने दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंचं मत घेतलं आणि नको म्हणाली. भाभींनी दिलेल्या पुडीतली दालचिनी मी एकेक काडी वेचून बाहेर काढली. एवढा मी काटेकोर!

शेवटी जमलं. तुपात जिरं, हिरवी मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वरून लिंबू. आणि आलं ठेचून उकळत्या पाण्यातच टाकायचं, म्हणजे दाणा आतूनच वास धरतो. हा शोध माझा स्वतःचा, भाभींनीसुद्धा तो मानला. आईंनी ताटली पुसून खाल्ली आणि परत मागितलं.

"माधवराव, कितीतरी दिवसांनी सोमवारी पोट भरल्यासारखं वाटतंय हो," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. मिरचीचा हात डोळ्याला लागला, असं त्यांना सांगितलं. दुपारभर त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी होती, माळ घेऊन जप करत बसल्या, मानसीच्या बाळाचं टोपडं विणायला काढलं. सोमवार आता निभावणार, असं मला पहिल्यांदा वाटलं.

इथे थांबलो असतो तर मी आज तुमच्यासमोर असा बसलो नसतो. पण आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आईंना जिना उतरता येत नाही, म्हणून सेक्टरचं भजनी मंडळ सोमवारी दुपारी आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर भरायचं. बहुतेक सगळ्यांनी आईंच्या जोडीने मानसीसाठी सोमवार धरलेले. मंडळाच्या प्रमुख कर्णिक काकू, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आईंनी कौतुकाने सगळ्यांना चमचा चमचा दिलं. कर्णिक काकूंनी डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाल्या, उपवासाचं आहे पण अजिबात उपवासाचं वाटत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तो कौतुकाचा कळस वाटला. कोणाच्या मनात साधी शंका आली नाही, माझ्या तर नाहीच.

पुढच्या सोमवारी सगळ्याजणी घरून काही न खाता आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी येताना डबे आणले, घरी नवऱ्यांचेही उपवास असतात म्हणे. मग एकादशी आली. मी कढईवरून पातेल्यावर आणि पातेल्यावरून भाभींकडच्या बिर्याणीच्या टोपावर आलो. सकाळी सातपासून आलं ठेच, खोबरं खव, बटाटे सोल. कंबर धरली. रिटायर झाल्यावर सकाळी बाल्कनीत पेपर वाचत बसायचं ठरवलं होतं मी. पेपर आता बटाट्याच्या सालींखाली असायचा.

भाभींकडचा साठा संपला, तेव्हा निसारभाईंचा एक मित्र मस्कतहून उतरून महाडला आपल्या गावी निघाला होता, त्याच्याबरोबर पाकिटं मागवली. तो पनवेलबाहेर हायवेवर, पळस्प्याला थांबणार होता. मी तिथे भर उन्हात, ट्रकच्या धुरळ्यात उभा. गाडी पुढच्या वळणावर थांबली, तिथपर्यंत चालत जा, आणि खोकं डोक्यावर घेऊन परत या. साठी उलटलेला माणूस शंकराच्या कामाला लागलाय, या विचाराने मला त्या धुरळ्यातही जरा पवित्र वाटलं.

मग तो सोमवार आला. सकाळी सुलभाचा फोन, मानसीला कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेलंय, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. आईंनी देवापुढे दिवा लावला आणि मंडळाला लवकर बोलावलं. सगळ्या आल्या. मी पाणी उकळलं, झाकण ठेवलं, हातही लावला नाही. भजनं झाली, मध्ये फराळाच्या ताटल्या फिरल्या. कमी पडेल असं वाटलं म्हणून मी भाभींना आणखी थोडं करून आणायला सांगितलं होतं. त्या टोप घेऊन आल्या, मानसीची चौकशी केली, आणि कर्णिक काकूंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"रुकसाना, हे पिकतं कुठे गं? आपल्याकडे लावता येईल का?"

"पिकतं कुठे, काकी? गव्हाचाच रवा आहे ना हा. पाण्याचा हात लावून वळतात."

चमचे वाजायचे थांबले. एका काकूंच्या तोंडात घास होता, तो त्यांना ना गिळता येईना ना टाकता येईना. गहू. सोमवारी. जिऱ्यामोहरीवर मी दवाखान्यात फोन करत होतो, दालचिनीच्या काड्या वेचत होतो, आणि ताटलीभर गहू वाढत होतो.

भाभी बिचाऱ्या एकेकीकडे बघत होत्या. भाईंनी उपवासाला चालतं का विचारलं म्हणून मी हो म्हटलं, असं त्या सांगू लागल्या. आमच्यात सूरज डुबेपर्यंत काहीच चालत नाही आणि डुबला की सगळंच चालतं, बिर्याणीपण चालते.

"माधवराव," कर्णिक काकू म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला बिर्याणी वाढली नाहीत, तेवढे उपकार."

आईंनी पाकीट बघायला मागितलं. मी आणून दिलं. सगळं अरबीत लिहिलेलं, पण वर कोपऱ्यात गव्हाची भलीमोठी ओंबी छापलेली. ती मी रोज बघत होतो. मला ती कंपनीची नक्षी वाटली होती. आईंनी ओंबीवरून बोट फिरवलं, पाकीट खाली ठेवलं, आणि भिंतीला धरत धरत देवापुढे जाऊन बसल्या.

खरं सांगू? मी देवाधर्माचा माणूस नाही. घरातली पूजा सुलभा करते, मी फार तर फुलं आणतो. पण त्या वेळी मी सरळ घाबरलो. तिकडे पोर दवाखान्यात विव्हळत असेल, आणि तिच्यासाठी इकडे धरलेला एकेक सोमवार मी स्वतःच्या हाताने, वर लिंबू पिळून, मोडला होता. काही कमीजास्त झालं तर? मी बाल्कनीत उभा राहून मनातल्या मनात शंकराला सांगत होतो, चूक माझी आहे, त्या बाईची नाही, पोरीची तर नाहीच नाही. माझा देवावर विश्वास नाही, पण तेवढी दुपार होता. आत कोणी भजन म्हणत नव्हतं. भाभी आईंच्या मागे जमिनीवर बसून स्वतःची दुआ मागत होत्या.

ऊन उतरल्यावर फोन वाजला. सुलभा रडत होती, त्यामुळे मला आधी काही कळेचना. मग कळलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

फोन मी आईंच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तर सगळ्याजणी एकमेकींना साखर भरवत होत्या, भाभींनाही भरवत होत्या. भाभींचे डोळे भरलेले. आईंनी त्यांना जवळ घेतलं आणि तू कशाला मनाला लावून घेतेस, म्हणाल्या, तू खरं तेच सांगितलंस, विचारणाऱ्याने अर्धवट विचारलं. विचारणारा मोरीच्या दारात ओल्या तोंडाने उभा होता.

मला वाटलं, संपलं. पोर सुखरूप, देवाने मोठ्या मनाने गहू पोटात घातला. पण आई पक्क्या. संध्याकाळी मंडळाची बैठक भरली. विषय एकच, देवाने आपलं काम केलं, आपला शब्द मात्र राहिला, तो पुरा कोणी करायचा. कर्णिक काकूंचं म्हणणं, नकळत खाल्लं त्याचा दोष खाणाऱ्याला नाही. दुसऱ्या काकू म्हणाल्या, मग वाढणाऱ्याला असणार. यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं. इतकं चटकन की मला संशय आला, हे आधीच ठरलं असावं.

"माधवराव, उपवास मी मनापासून केले," आई शांतपणे म्हणाल्या. "मोडले तुम्ही. तेव्हा तेवढे सोमवार आता तुम्ही करा."

मी हो म्हटलं. त्या दुपारनंतर मी कशालाही हो म्हटलं असतं. तोच मागून आवाज आला, आमचेही धरा हं. आणि एकादशीचे. आणि घरी डबे नेले होते ते. सगळ्या बोटांवर मोजायला बसल्या. आकडा सांगत नाही, ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. एवढंच सांगतो की नात चालायला लागेल तोवर माझे सोमवार चालू असतील.

पहिला सोमवार उजाडला. दर दोन तासांनी खाणारा माणूस मी, साडेआठलाच डोळ्यांपुढे अंधारी. मी एक केळं खाऊन खुर्चीत पडलो होतो. तेवढ्यात आईंनी हाक मारली. आता त्यांचे आणि मंडळाचे सोमवार संपले होते, भजनाला सगळ्या यायच्याच होत्या, आणि सगळ्यांच्या तोंडाला ती चव लागलेली.

"ते तुमचं कुसकुस करा की आज," त्या म्हणाल्या. "आता सगळं चालतं. कांदा घाला, लसूण घाला, ती दालचिनी राहिली होती ना, तीही घाला."

मी उठलो. कांदा बदामी होईपर्यंत तळला. लसूण, दालचिनी, गाजर, मटार, बेदाणे. पाणी उकळलं, ओतलं, झाकलं, हात लावला नाही. झाकण काढल्यावर जो वास सुटला, तो जिना ओलांडून गेला असणार, कारण भाभी न बोलावता आल्या. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात सुंदर कुसकुस. आणि मला ते चाखायचीही सोय नाही. सगळ्यांना वाढलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. कर्णिक काकूंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चघळला.

"माधवराव, वास अप्रतिम," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं घालायला विसरलात."